नॉर्मा हिंडलने धरलेला डूख

साप डूख धरतो म्हणतात. मी साप फारसे पाहिलेले नाहीत, पण नॉर्मा हिंडल पाहिली आहे, आणि बेचाळीस वर्षं तिच्या शेजारी काढली आहेत. इंग्लंडमधल्या बेकपच्या सपातांच्या कारखान्यात माझं मशीन तिच्या मशीनला लागून होतं. सुमती हे नाव तिच्या जिभेला झेपेना म्हणून पहिल्याच दिवशी तिने माझं नाव सू करून टाकलं. बोटात सुई गेली तर काय करायचं, कुठल्या मुकादमापुढे मान खाली घालायची आणि कुठल्यापुढे नाही, हे सगळं मी तिच्याकडून शिकले.

स्टॉट नावाचा एक मुकादम होता. त्याने एकदा सगळ्यांसमोर नॉर्माची टीप वाकडी म्हणून सपात टेबलावर आपटली. टीप सरळ होती. नॉर्माने ती उचलून बाजूला ठेवली आणि पुढची शिवायला घेतली. अकरा वर्षांनी स्टॉट निवृत्त झाला, तेव्हा कारखान्याने त्याला मऊ, अस्तर लावलेल्या सपातांचा जोड भेट दिला. तो नॉर्माने हौसेने मागून घेऊन स्वतः शिवला होता. टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. घरी जाऊन स्टॉटने पाय घातले तर दोन्ही सपाता डाव्या पायाच्या. टीप मात्र दोन्हींची सरळ होती.

तिचा नवरा क्लिफ अगदी उलट. बस चालवायचा. धावत येणारी म्हातारी आरशात दिसली की थांबायचा, मग मागच्या गाड्या कितीही भोंगे वाजवोत. नॉर्मा कुणावर चिडली की तो वर्तमानपत्र वर धरून तिला बोलू द्यायचा आणि शेवटी म्हणायचा, चहा टाकू का. पन्नास वर्षं त्यांचा संसार असाच चालला.

२०१७च्या मार्चमध्ये क्लिफ गेला. आमच्या या भागात माणूस कसा पोचवला हे त्यामागच्या चहापाण्यावरून ठरतं. हॅम चांगला जाड कापलेला पाहिजे, लोणच्यातलं बीट पाहिजे, आणि आलेल्यांपैकी कुणीही उपाशी जाता कामा नये. नॉर्माने टेकडीखालच्या पबचं मागचं दालन घेतलं. क्लिफचं तिथे तीस वर्षांचं बसणं-उठणं. पण पब नुकताच नव्या मालकाकडे गेला होता, आणि त्याने मागचा गाडीतळ एका कंपनीच्या हवाली केला होता. आत शिरताना कॅमेरा, बाहेर पडताना कॅमेरा. गिऱ्हाइकाने आत आल्यावर दाराजवळच्या एका पडद्यावर आपल्या गाडीचा नंबर टाकायचा, म्हणजे दंड नाही. हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. आमचा जुना पब, आमचा जुना गाडीतळ.

आता जे झालं ते सरळ सांगते. नॉर्मा शवगाडीमागच्या मोटारीतून सगळ्यांच्या आधी पबात पोचली. डॉक्टरने दिलेल्या गोळीने ती अर्धी झोपेत होती. काउंटरवरच्या पोरीने तिला सांगितलं की आलेल्या प्रत्येकाला त्या पडद्यावर लिहायला सांगा हं. पोरीला नंबर म्हणायचं होतं. तो पडदा मांडला होता क्लिफच्या फोटोशेजारी, फुलांच्या बाजूला. स्मशानातही आता असले पडदे असतात, वहीऐवजी त्याच्यावर दोन शब्द लिहायचे असतात. नॉर्माने आपल्या परीने अर्थ लावला. ती दारात उभी राहिली आणि येणाऱ्या प्रत्येकाचा हात धरून म्हणाली, "क्लिफसाठी दोन शब्द लिहा तिथे." आम्ही ओळीने उभे राहिलो आणि एकेका बोटाने लिहिलं. दहा-बारा अक्षरांच्या वर ते यंत्र घेईना, म्हणून क्लिफचा दोस्त अर्नी, वय ब्याऐंशी, चष्मा वर-खाली करत तीनदा पुसून पुन्हा लिहीत बसला. मीही लिहिलं.

दहा दिवसांत पत्रं आली. एकोणीस गाड्यांना एकोणीस पत्रं, गाडीचा येतानाचा फोटो, जातानाचा फोटो, आणि शंभर पौंड.

क्लिफच्या बहिणीच्या, मेव्हिसच्या स्वयंपाकघरात आम्ही जमलो. कोण चिडलं होतं, कोण हसत होतं. मेव्हिसने मात्र नेमकं ओळखलं. ती म्हणाली, नॉर्माला कळलं की आपण सांगितलं म्हणून लोकांना भुर्दंड बसला, तर ती डूख धरेल, आणि या वेळी स्वतःवरच धरेल. हे सगळ्यांना पटलं, कारण सगळे तिला ओळखत होते. ठरलं की गपचूप भरायचं आणि तोंडाला कुलूप लावायचं. अठरा घरांनी भरले. एकोणिसावी गाडी खुद्द नॉर्माची होती. हॅमचे डबे आणायला त्या दिवशी ती मेव्हिसने चालवली होती. त्या गाडीची पत्रं नॉर्माच्याच दारात पडणार हे आमच्या लक्षात आलं, पण त्यावर इलाज सुचला नाही.

आमच्या सुदैवाने तिने ती उघडलीच नाहीत. त्या वर्षात ती कुठलंच पाकीट उघडत नव्हती. येईल ते पावाच्या डब्यामागे खुपसायची. हे वर्षभर चाललं.

आमचं बिंग फोडलं अर्नीच्या मुलीने. अर्नीने पैसे वेळेवर भरले नव्हते. शंभराचे एकशेसाठ झाले, लाल अक्षरांतली पत्रं आली, आणि सरळमार्गी माणूस तो, तुरुंगात जाऊ असं वाटून रात्र-रात्र जागला. शेवटी भरले, गाडी मुलीला देऊन टाकली आणि क्लबात डॉमिनो खेळायला येणंही सोडलं. नॉर्मा समोर आली तर आपल्या तोंडून निघून जाईल याची त्याला भीती होती. औषधांच्या दुकानातल्या रांगेत नॉर्माने सहज विचारलं, अर्नी कुठे दिसत नाही. पोरगी म्हणाली, तुमच्या क्लिफच्या मयताचा दंड भरल्यापासून बाबा घरातच असतात.

नॉर्मा तिथून थेट माझ्याकडे आली. मी अर्धं खरं सांगितलं. हो, सगळ्यांना दंड झाला, मीही भरला, तुला दुःखात आणखी त्रास नको म्हणून बोललो नाही. कशामुळे झाला ते सांगितलं नाही. ती कोटासकट माझ्या खुर्चीत बसली. मग म्हणाली, "मी बोलावलं होतं सू त्यांना. माझं बोलावणं, माझा हॅम. आणि माझ्या नवऱ्याला खांदा देणाऱ्या माणसाचा यांनी दारात खिसा कापला."

मी म्हटलं, झालं गेलं गंगेला मिळालं. तिला गंगेचं काय. "एकूण एक घराचे परत आणणार," ती म्हणाली. "आणि त्यांचा माणूस माझ्यासमोर उभा करणार. मला त्याचं तोंड बघायचंय."

घरी जाऊन तिने पावाच्या डब्यामागची पाकिटं काढली. अकरा निघाली. तारखेप्रमाणे लावून तिने ती कपड्यांच्या चिमट्यांनी एकत्र धरली. शेवटचं पत्र वकिलाचं होतं, चार दिवसांपूर्वीचं. तीस दिवसांत उत्तर द्या, नाहीतर कोर्टात जाऊ. वसुलीवाल्यांची पत्रं म्हणजे नुसतं भुंकणं, पण हे वकिलाचं पत्र दुर्लक्षून चालत नाही, असं नागरिक सल्ला केंद्रातल्या बाईने सांगितलं. तिने एक गोष्ट आणखी सांगितली: या कंपन्या शेकडो दावे लावतात, आणि समोरचा भांडायला उभा राहिला की सुनावणीच्या तोंडावर बहुतेक वेळा माघार घेतात. ती बिचारी धीर द्यायला म्हणाली. नॉर्माचा चेहरा मात्र पडला. पळून गेले तर सूड कुणावर घ्यायचा?

उत्तर आम्ही माझ्या स्वयंपाकघरात लिहिलं, ती सांगणार आणि मी टाइप करणार. गाडी कोण चालवत होतं, या प्रश्नावर तिने लिहायला लावलं: "त्या दिवशी मी शवगाडीमागच्या मोटारीत होते. माझा नवरा पुढच्या गाडीत होता. माझी गाडी कोण चालवत होतं ते तुम्ही सिद्ध करा." मग मागण्या. जमीनमालकाशी झालेला करार दाखवा. पाटी कुठे होती आणि अक्षर केवढं होतं ते दाखवा. आणि त्या दिवशी त्या पडद्यावर कुणी काय टाकलं त्याची यादी दाखवा.

माझी बोटं थांबली. मी म्हटलं, हे शेवटचं नको, उगाच लांबेल.

"लांबू दे," ती म्हणाली. "मला आता घरी जाऊन कुणासाठी स्वयंपाक करायचाय?"

मी ते टाइप केलं. मनात म्हटलं, कंपनी कशाला देतेय यादी. आणि झालंही तसंच. वकिलाचं साचेबंद उत्तर आलं, वर "श्री. नॉर्मा हिंडल" असा मायना. करार नाही, यादी नाही, फक्त रक्कम वाढलेली. नॉर्माने तो "श्री." तांबड्या पेन्सिलीने गोल करून फ्रिजवर लावला. म्हणाली, भूक लागेनाशी झालीय, हे बघितलं की लागते.

पुढे कोर्टाचा कागद आला. तिने जबाब दिला, आणि सोबत उलट दावाही ठोकला: विधवा बाईला अकरा पत्रं पाठवून छळल्याचा. त्या सल्ला केंद्रातल्या बाईनेच सांगितलं होतं की त्यात दम फार नाही, पण कंपनीने आपला दावा मागे घेतला तरी तुमचा उभा राहतो. नॉर्माला तेवढंच हवं होतं. शेपूट धरून ठेवायचं होतं.

सुनावणीला दोन आठवडे उरले असताना कंपनीने आपले कागद पाठवले. आमचं यंत्र त्या दिवशी बिघडलेलं नव्हतं, हे दाखवण्याच्या हौसेने त्यांनी आपणहून ती यादी जोडली होती.

सकाळी अकराला माझं दार वाजलं. नॉर्मा हातात कागद घेऊन उभी होती, कोटाची बटणं चुकीच्या काजांत. यादीतली पहिली नोंद होती बारा वाजून एकेचाळीस मिनिटांची: "नॉर्मा बायको". खाली आणखी तीस.

"सू," ती म्हणाली, "मी दारात उभी होते का?"

"हो."

"लिहा म्हणून मी सांगत होते?"

"हो. हात धरून."

"आणि हे तुम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. मेव्हिसला. अर्नीला."

मी मान हलवली. तिने विचारलं, अर्नी तुरुंगाच्या भीतीने जागायचा तेव्हाही? मी म्हटलं, तेव्हाही. ती उंबऱ्यातूनच परत गेली. त्या दिवशी मला ती रडली असती तर बरं वाटलं असतं.

त्याच आठवड्यात वकिलाचं नवं पत्र आलं, या वेळी गोड भाषेत. तुम्ही तुमचा दावा मागे घ्या, आम्ही आमचा घेतो, विषय संपला. मेव्हिस आणि मी दोघी तिच्याकडे गेलो. आम्ही हात जोडायचेच तेवढे बाकी ठेवले. सही कर, यादी कुणाला दिसणार नाही, कोर्टात कुणी तुला विचारणार नाही, गावभर होणार नाही. अर्नीचे पैसे आम्ही वर्गणी काढून देतो. नॉर्मा ऐकत होती आणि इस्त्री करत होती.  चौथ्या दिवशी तिने वकिलाला एका ओळीचं पत्र टाकलं: भेटू बर्नलीच्या कोर्टात.

कोर्ट म्हणजे एक साधी खोली होती, लांब टेबल, पाण्याचा जग. न्यायाधीश बाई होत्या, साठीच्या आतबाहेरच्या. कंपनीने भाड्याने पाठवलेला वकील चाकांची बॅग ओढत आला. पंचविशीचा असेल, मानेवर दाढी करताना कापलेलं. याचं तोंड बघण्यासाठी नॉर्माने दीड वर्ष काढलं होतं. तिने नीट बघून घेतलं.

तो म्हणाला, यंत्र चालू होतं, त्या दुपारी त्यात एकतीस नोंदी झाल्या, पण एकही गाडीचा नंबर नव्हता. म्हणजे एकोणीस गाड्यांनी नियम मोडला. न्यायाधीश बाईंनी विचारलं, मग त्या नोंदी काय आहेत? वाचा पाहू.

पोरगा वाचू लागला. "नॉर्मा बायको. येतो रे क्लिफ. भला माणूस. बस थांबव. एक ग्लास बाकी. देव भलं करो." तो जरा थांबला. बाई म्हणाल्या, सगळ्या वाचा. त्याने सगळ्या वाचल्या. अर्नीची नोंद शेवटून दुसरी होती, "माझा दोस्त", आणि ती वाचताना त्या पोराचा आवाज जरा घसरला. बिचारा कुणाच्या तरी पोटचा होता. नॉर्माला त्याची दया आली नाही, मला आली.

न्यायाधीश बाईंनी चष्मा काढला. एवढ्या लोकांना तिथे हे लिहायला कुणी सांगितलं, असं त्यांनी विचारलं.

मी खाली बघितलं. मेव्हिसने माझं मनगट आवळलं.

"मी सांगितलं," नॉर्मा म्हणाली. ती उभी राहिली, तिथे बसून बोलायची पद्धत आहे तरी. "पोरीने मला सांगितलं लिहायला लावा. काय लिहायचं ते सांगितलं नाही. माझ्या नवऱ्याच्या फोटोशेजारी ठेवलेला पडदा. मी मूर्ख ठरले, ते मान्य आहे. मी एकेकाचा हात धरून त्याला यांच्या सापळ्यात नेलं. पण बाईसाहेब, सापळा मी मांडला नव्हता. एकतीस माणसांनी लिहिलं, म्हणजे एकतिसांतल्या एकालाही ते यंत्र कशासाठी आहे हे कळलं नाही. यांना दुसऱ्या दिवशी दिसत होतं ना, काय लिहिलंय ते? 'देव भलं करो' वाचून यांनी शंभर पौंडांचं बिल पाठवलं."

ती बसली. तिने समोरची पत्रं पुन्हा चिमट्यात लावली.

दहा मिनिटांनी निकाल लागला. जे यंत्र कशाचं आहे हे एकालाही कळत नाही, त्याच्या जोरावर करार झाला असं म्हणता येणार नाही. कंपनीचा दावा फेटाळला. नॉर्माच्या उलट दाव्यात कायद्याने काही मिळण्यासारखं नाही, असंही बाईंनी सांगितलं, आणि जाण्यायेण्याचा खर्च तेवढा देवविला. नॉर्माने मान तुकवली. उलट दाव्याचं काम केव्हाच झालं होतं.

मला वाटलं संपलं. पण म्हातारी मेल्याचं दुःख नसतं, काळ सोकावतो. नॉर्माने कंपनीचीच अकरा पत्रं समोर ठेवली आणि त्यांच्याच भाषेत एक मसुदा केला. "या पत्राकडे दुर्लक्ष करू नका. तीस दिवसांत रक्कम न भरल्यास पुढील सूचना न देता न्यायालयात जाण्यात येईल." तांबडी ओळ तिथेच, जाड अक्षर तिथेच, खाली निकालाची प्रत. वर मायना "श्रीमती" घालून कंपनीच्या मालकाचं नाव. त्याचं नाव रॉडरिक होतं. अशी अठरा पत्रं तिने माझ्याकडून छापून घेतली आणि सही घ्यायला स्वतः एकेका घरी गेली.

आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला आधी चहा विचारतात, आणि आलेला माणूस तो घेतो. नको म्हणणं म्हणजे थोबाडीत मारणं. नॉर्मा अठरा घरं फिरली आणि अठरा घरांत नको म्हणाली. बसायची, सही घ्यायची, उठायची. अर्नीकडे तेवढी दोन तास बसली. ती त्याला काय म्हणाली ते माहीत नाही, पण पुढच्या गुरुवारी तो डॉमिनोला आला. चहा तिने त्याच्याकडेही घेतला नाही, असं त्याची मुलगी सांगत होती.

सव्विसाव्या दिवशी कंपनीने अठराही घरांचे पैसे परत केले, अर्नीचे एकशेसाठ पूर्ण. दोन महिन्यांनी पबातला पडदा आणि कॅमेरे गेले. क्लबात लोकांनी टेबलं वाजवली. नॉर्माने फक्त यादीवर एकेक नाव खोडलं.

माझं नाव तिने सगळ्यात शेवटी खोडलं, माझ्याच स्वयंपाकघरात. मी किटली ठेवली, जुना कप काढला, तिचा तो ठरलेला. ती म्हणाली, "ठेव तो परत कपाटात."

मी शेवटी चिडले. म्हटलं, अगं, तुझ्यासाठीच केलं ना सगळ्यांनी. तुला लागू नये म्हणून पदरचे भरले. त्याबद्दल आम्हालाच शिक्षा?

"कंपनीने माझे पैसे मागितले," ती म्हणाली. "तुम्ही अडीच वर्षं मला खुळ्यात काढलंत. माझ्यामागे बसून ठरवलंत की हिला झेपणार नाही. अर्नी घरात कोंडून बसला, तरी ठरवलंत."

"क्लिफ असता तर त्यानेही हेच केलं असतं," मी म्हटलं. मला ते खरंच वाटत होतं.

तिने खुर्चीवरचा कोट उचलला.

"क्लिफने मला सांगितलं असतं सू. घाबरत घाबरत, वर्तमानपत्राआडून, पण सांगितलं असतं."

मग ती कोट घालून गेली. त्याला आता चार वर्षं झाली. मंगळवारी येते, बसते, माझ्या गुडघ्याची चौकशी करते, मुकादम स्टॉटची गोष्ट निघाली तर पोट धरून हसतेसुद्धा. चहा घेत नाही.